हनी गौरामीसाठी संथ पाणी

हनी गौरामी हा मासा दुकानातल्या झगझगीत टाकीत पाहिला, तर त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही, कारण तिथे तो फिकट आणि भेदरलेला, एखाद्या कोपऱ्यात अंग चोरून असतो. जेमतेम पाच सेंटिमीटरचा हा मासा मूळचा गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या संथ, पाणवनस्पतींनी दाटलेल्या पाण्यातला आहे. स्कॉटिश निसर्गअभ्यासक फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा नर आणि मादी या दोन वेगळ्या जाती समजून त्यांना दोन नावे दिली होती. विणीच्या दिवसांत नर मधासारखा नारिंगी होतो, तोंडापासून पोटापर्यंत काळानिळा पडतो, आणि मादी मात्र करड्या-पिवळ्या रंगाचीच राहते. हे समोर पाहिले की त्यांची चूक अगदी स्वाभाविक वाटते.

माझी पहिली जोडी आठवड्याभरातच गेली. दुकानदाराने सांगितले म्हणून मी टाकी भरली त्याच दिवशी मासे सोडले होते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन हायपो हे रसायन घालून घालवता येतो, पण माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात रुजायला महिना-दीड महिना लागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्या दोन जिवांबद्दल मला आजही वाईट वाटते, आणि म्हणूनच कुणी विचारले की मी आधी टाकी तयार करायला सांगते, मासे नंतर.

आता दोन फुटांच्या टाकीत एक नर आणि दोन माद्या आहेत. साधा स्पंज फिल्टर, जावा मॉस, वर तरंगणाऱ्या वनस्पती आणि दर रविवारी पाव हिस्सा पाणी बदलणे, एवढेच करते. पॉवर फिल्टरचा जोरदार प्रवाह त्यांना मानवत नाही.

गौरामीला कल्ल्यांच्या जोडीला हवेतून श्वास घेणारा अवयव असतो, त्यामुळे तो मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो. पुण्यातल्या थंडीत पाणी हीटरने पंचवीस अंशांवर राहते, पण वरची हवा गारच असते, म्हणून मी डिसेंबर-जानेवारीत काचेचे झाकण कधी काढून ठेवत नाही.

मला सर्वांत आवडतात ते त्याचे पोटाखालचे दोन लांब, दोऱ्यासारखे पर. नवी गोगलगाय सोडली की नर जवळ येतो, एक पर पुढे करून तिच्या शंखाला हलकेच स्पर्श करतो, मागे सरतो, पुन्हा स्पर्श करतो. आंधळ्या माणसाने बोटांनी चेहरा ओळखावा तसे ते असते.

गेल्या पावसाळ्यात त्याने तरंगत्या पानांखाली बुडबुड्यांचे घरटे बांधले. खाली पडणारे प्रत्येक अंडे तो तोंडात धरून पुन्हा बुडबुड्यांत ठेवत होता, आणि जवळ येणाऱ्या मादीला हुसकून लावत होता. पिल्ले मोकळी पोहू लागली तेव्हा मी त्याला दुसऱ्या टाकीत हलवले. काही आठवड्यांनी एका सकाळी, तांदळाच्या दाण्याएवढे एक पिल्लू वर आले, पाण्याला तोंड टेकवून क्षणभर थांबले आणि हवेचा घोट घेऊन पुन्हा मॉसमध्ये शिरले.