तुम्ही विचारलंत म्हणून: बाळ लवकर आले, पण आईला ताप कशाने आला?

दिवस भरण्याआधी बाळंत झालेल्या मुलीला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप भरला, की तिची आई किंवा सासू मला बाजूला घेऊन विचारते, “डॉक्टर, ही लागण दवाखान्यात झाली का?” नाशिकमध्ये प्रसूतितज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि तो रास्तच आहे, कारण कधीकधी त्याचे उत्तर ‘हो’ असते. बऱ्याचदा मात्र जंतू आधीच गर्भाशयात पोहोचलेले असतात आणि कळा वेळेआधी सुरू होण्याचे कारणही तेच असतात. ३७ आठवड्यांपूर्वीची प्रसूती जितकी लवकर झालेली, तितकी मुळाशी संसर्ग असण्याची शक्यता अधिक.

गर्भजलाची पिशवी शाबूत असते, तोवर योनिमार्गातील जंतूंना वर जाण्यास अडथळा असतो. ती फुटली आणि कळा आल्या नाहीत, तर तासागणिक धोका वाढत जातो. १८ तास उलटले की आम्ही विशेष सावध होतो. म्हणून सुरगाणा किंवा पेठहून पाठवलेल्या बाईला मी पहिल्यांदा विचारते, ते पाणी किती वाजता गेले हेच. चिठ्ठीवर ती वेळ लिहून पाठवणाऱ्या आशाताईंचे उपकार मोठे आहेत.

त्यानंतर मी विचारते, आतून तपासणी किती वेळा झाली? हातमोजे निर्जंतुक असले, तरी पाणी गेल्यावर बोटांबरोबर योनीतील जंतू गर्भाशयाच्या मुखापर्यंत ढकलले जातात. कळा नसतील, तर निर्जंतुक स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून आत पाहण्याचे साधन) घालून पाहणे पुरेसे असते. तरीही वाटेतल्या प्रत्येक ठिकाणी ‘तोंड किती उघडले’ हे पुन्हा पाहिले जाते. दवाखान्यांनी आपल्या पदरी घ्यावा असा दोष हाच, असे माझे स्पष्ट मत आहे. सिझरनेही गर्भाशयाच्या आणि टाक्यांच्या संसर्गाचा धोका बराच वाढतो, म्हणून चीर देण्यापूर्वीच प्रतिजैविक द्यावे लागते. अपुऱ्या दिवसांत वार अडकण्याचे प्रमाणही जास्त असते आणि ती हाताने काढावी लागली, तर धोक्यात आणखी भर पडते.

काही कारणे मात्र कित्येक आठवडे आधीची असतात. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांत राबणाऱ्या अनेक जणी, आडोसा नसल्यामुळे, पाणी कमी पितात आणि लघवी तुंबवून धरतात. गरोदरपणात लघवीतील संसर्ग जळजळ न होताही असू शकतो. तो केवळ तपासणीतच सापडतो. मधुमेह आणि रक्तक्षय यांमुळे प्रतिकारशक्ती आणखी खालावते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला होता.

“मग सगळ्यांनाच अँटिबायोटिक का देत नाही?” असेही नातेवाईक विचारतात. वेळेआधी पाणी गेले असेल, तर आम्ही ते देतोच. पिशवी शाबूत असताना केवळ लवकर कळा आल्या म्हणून दिल्याने प्रसूती लांबत नाही आणि बाळाचाही फायदा होत नाही.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती घरी सोडल्यानंतरची. बाळ काचेच्या पेटीत असते, आई बाहेरच्या बाकावर बसून दर दोन तासांनी दूध काढून देत असते, आणि थंडी वाजून आलेला ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा वाढते ओटीपोट दुखणे ती कोणालाही सांगत नाही. बाळाला भेटायला जाल, तेव्हा आईच्याही कपाळाला हात लावून पाहा आणि ताप वाटला, तर त्याच दिवशी तिला प्रसूती विभागात दाखवा.