न्यूयॉर्क किती तास?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर लिफ्टमध्ये मी आपली "सोळा तास" म्हणून मोकळी होते. ताई न्यूजर्सीला, त्यामुळे ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत अमेरिकेची चौकशी खिडकी म्हणजे मीच, आणि प्रश्न कायम एकच, मुंबई-न्यूयॉर्कला वेळ किती लागतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर डिसेंबरात तिकीटच पुढे धरलं. जाताना रात्री १.३० ला निघून त्याच सकाळी ७ ला पोचणार, येताना सकाळी ११.३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला. "अगं, जाताना साडेपाच तास आणि येताना चोवीसच्या वर? परतीचं विमान काय स्लो लोकल आहे का?"

काकूंची काही चूक नाही हो, तिकिटावर प्रत्येक वेळ तिथल्या तिथल्या घड्याळाची असते आणि हे कुठे कोणी सांगत नाही. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे (मार्च ते नोव्हेंबर ते लोक घड्याळ तासभर पुढे सारतात तेव्हा साडेनऊ). म्हणजे जाताना साडेपाचात साडेदहा मिळवा, झाले सोळा, येताना साडेचोवीसातून तेवढेच वजा करा, उरले चौदा.

मग हे दोन तास कुठे गेले? इथे काका मध्ये पडले, पृथ्वी फिरते ना म्हणून. नाही ओ काका, पृथ्वीबरोबर हवाही फिरते, नाहीतर तलावपाळीवर उभ्याउभ्या उडी मारली असती तरी खाली येईपर्यंत लांब कुठेतरी जाऊन पडलो असतो. खरं कारण वारा. साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा पट्टा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, कधीकधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर. येताना विमान त्याच्यावर स्वार होऊन येतं, जाताना शक्यतो त्याला टाळत जातं.

अंतराचं म्हणाल तर सरळ रेषेत साधारण १२,५०० किलोमीटर, पण ही सरळ रेषा भिंतीवरच्या नकाशावर काढू नका, फसाल. मला पटलं ते भाचीच्या पृथ्वीच्या गोलावर परकराची नाडी ताणून धरली तेव्हा. मुंबईहून नाडी पश्चिमेपेक्षा उत्तरेलाच जास्त जाते, मध्य आशिया, रशिया, पार वर आइसलँडच्या आसपासनं खाली न्यूयॉर्कला. विमान अगदी नाडीवरून जातंच असं नाही, २०२२ पासून रशियाचं आकाश बऱ्याच देशांच्या विमानांना बंद आहे, एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आपल्या विमानांना, मग वळसा आला आणि वळसा म्हटलं की तास वाढले.

एवढं सगळं ऐकून काकू म्हणाल्या, "ते राहू दे, मी दारातून निघाल्यापासून किती तास धरू?"

हा खरा प्रश्न! रात्री १.३० चं विमान म्हणजे १०.३० ला एअरपोर्टवर हवं, माजिवड्याला काय अडकायला होईल त्याचा भरवसा नाही म्हणून ८ ला घर सोडायचं, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामान, मग न्यूजर्सीपर्यंत गाडी. मी म्हटलं, चोवीस तास धरा.

"मग दशम्या आठ पुरतील," काकू म्हणाल्या.