भुरी, पोह्यांचा ठेला आणि ढिला पट्टा : आठवडा सहावा

मंगळवारी सकाळी भुरी, माझं कुत्र्याचं पिल्लू, पोह्यांच्या ठेल्यासमोरून पट्टा ढिला ठेवून गेली! पट्ट्याला झोल होता आणि ठेला मागे पडेपर्यंत तो मोडला नाही. ठेलेवाल्या भाऊंच्याही ते लक्षात आलं. "आज त गुमान चालून राहिली जी, ताई!" या 12-15 पावलांसाठी पाच आठवडे घासतेय, म्हणून आजच लिहायला बसले.

बाकीचं आधी उरकते. भुरी आता 5 महिन्यांची झाली. पुढचे दुधाचे दात पडलेत, त्यामुळे पट्टा चावणं वाढलं होतं. निघण्याआधी फ्रिजमधलं गाजर चघळायला देते, तेवढ्यावर भागतं. घंटागाडी आणि शाळेच्या व्हॅनकडे आता नुसतं बघते आणि माझ्याकडे वळते. गेटपाशी न सांगता बसते.

अडत होतं ते कोपऱ्यावर. नागपुरात सकाळी तर्रीचा वास येत नाही अशी गल्ली शोधूनच काढावी लागेल, आणि आमच्या प्रतापनगरच्या कोपऱ्यावर तर ठेल्याभोवती उष्टे द्रोण पडलेले. त्यात कांदा असतो. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, त्यामुळे "खाऊ दे एखादा घास" हा विषयच नाही.

मागे लिहिलेली झाडाची पद्धत, म्हणजे पट्टा ताणला की जागच्या जागी थांबायचं, बाकी सगळ्या रस्त्यांवर लागू पडली. इथे नाही. मी थांबले की ती मागच्या दोन पायांवर उभी. एका सकाळी 11 मिनिटं आम्ही तशाच होतो. उलट वळून चालून पाहिलं. दोन पावलं यायची, की पुन्हा तिकडेच. शेवटी उकडलेलं चिकन नाकासमोर धरलं, तर तिनं मान फिरवली.

तिथे माझी ट्यूब पेटली. एरवी चिकनसाठी जीव टाकणारं पिल्लू चिकन नाकारतं, तेव्हा त्याच्या डोक्यात शिकायला जागाच उरलेली नसते. म्हणजे मी उशिरा सुरू करत होते. दुसऱ्या दिवसापासून ठेल्याकडे बघणं सोडलं आणि तिच्या नाकाकडे बघायला लागले. विजेच्या खांबाशी नाक वर, कान पुढे, शेपटी स्थिर. ठेला तिथून चांगला 40 पावलं पुढे! वारा समोरून असला तर त्याही आधी, मेडिकलच्या पायरीशी.

मग खांबाच्या अलीकडेच मुक्काम. नाक वर गेलं, तरी माझ्याकडे पाहिलं की क्लिक (हातातल्या क्लिकरच्या बटणाचा आवाज, म्हणजे 'बरोबर केलंस' ही खूण) आणि चिकन. चिकन द्यायचं ते माझ्या डाव्या पोटरीशी. हात पुढे केला की ती पुढेच पळते. खांब गाठायला तीन दिवस लागले, पुढे रोज चार-पाच पावलं. चिकनपेक्षा मोठं बक्षीसही सापडलं: वळून आलो की कडुलिंबाच्या बुंध्याशी "हुंग" म्हणायचं आणि मनसोक्त हुंगू द्यायचं.

आणि शनिवारी सगळं पाण्यात. खांबापासूनच सुसाट. संध्याकाळी बाबा तिला नेतात, म्हणून विचारलं, "बाबा, तुमच्यासोबत ओढते का ती?" म्हणाले, "ओढते ना. एवढीशी तर आहे, जाऊ देतो थोडं." ओढल्यावर पाचातून एकदा जरी पोचता आलं, तरी ओढणं पक्कंच होतं. पण गुडघे दुखत असताना बाबा तिला प्रेमानं नेतात, त्यांच्यावर नियम लादणं मला पटेना. म्हणून नियम कडीवर ठेवला. तिच्या हार्नेसला दोन कड्या आहेत. छातीवरच्या कडीत पट्टा लावला की सराव, पाठीवरच्या कडीत लावला की मोकळीक. बाबा पाठीची कडी वापरतात आणि ठेल्याच्या उलट दिशेला जातात. तीन दिवसांत तिला फरक कळला, मंगळवार त्यातूनच आला.

साधनांबद्दल माझं मत ठाम झालंय. सीताबर्डीतल्या एका दुकानात मला साखळीचा फास घ्यायचा आग्रह झाला. पिल्लाच्या गळ्यात तसलं काही घालू नका, गळा नाजूक असतो. आपोआप गुंडाळणारा पट्टाही नको; त्याची स्प्रिंग सतत ताण ठेवते आणि ओढलं की दोरी वाढते, म्हणजे ओढायचंच शिक्षण. मी इतवारीतून सुती निवार आणली आणि बॅगा शिवणाऱ्याकडून 2 मीटरचा पट्टा शिवून घेतला. हाताला काचत नाही, धुता येतो.

पुढचा बेत रविवारी सकाळी 9 च्या गर्दीतून जायचा होता. पण लिहिता लिहिता लक्षात आलं, गर्दी ही वेगळी परीक्षा आहे आणि जमिनीवरचे द्रोण ही वेगळी. दोन्ही एकदम नकोत. ठेला दुपारी उठतो, द्रोण मात्र पडून राहतात. म्हणजे संध्याकाळी गर्दीशिवाय नुसता वास मिळेल. डांबर मार्चमध्येच तापायला लागलंय, तेव्हा साडेसातनंतर, तळहाताची मागची बाजू रस्त्यावर 7 सेकंद टेकवून बघून मगच.

त्याही आधी अंगणात. कोरे द्रोण, त्यात बिनकांद्याचे कोरडे पोहे, पट्टा छातीच्या कडीत, आणि "सोड". उद्या एकच द्रोण, सहा फुटांवरून.