पावसाळी खेप: ठाण्याहून परदेशी जाणाऱ्या पोस्टकार्डांची नोंद

या खेपेत 24 कार्डं होती, म्हणजे एका कागदावर आठ या हिशेबाने छपाईचे तीन कागद. जून ते सप्टेंबर हा पोस्टक्रॉसिंगवाल्यांसाठी आपल्याकडचा सगळ्यात अवघड काळ. कार्ड पोचलं नाही की आपण पलीकडच्या देशाच्या टपालाला बोल लावून मोकळे होतो, पण कार्डाचं बरंचसं भवितव्य ते पेटीत पडण्याआधीच ठरलेलं असतं. म्हणून ही नोंद कार्ड हातात असतानाच्या कामांची आहे.

नव्यांसाठी थोडक्यात: पोस्टक्रॉसिंग म्हणजे जगभरच्या अनोळखी लोकांशी पोस्टकार्डांची देवाणघेवाण करायची साइट. ती 14 जुलै 2005 ला पोर्तुगालमध्ये सुरू झाली. पत्ता मागितला की एका अनोळखी माणसाचा पत्ता आणि एक आयडी, म्हणजे त्या कार्डाचा क्रमांक, मिळतो. समोरच्याने कार्ड मिळाल्यावर तो आयडी साइटवर नोंदवला की आपला पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी जातो. सुरुवातीला एका वेळी पाचच कार्डं प्रवासात ठेवता येतात, पुढे मर्यादा वाढत जाते. 60 दिवसांत नोंद झाली नाही तर ते कार्ड मर्यादेत धरत नाहीत, मात्र वर्षभर त्याची नोंद होऊ शकते. थोडक्यात, आयडी वाचता आला नाही तर पोचलेलं कार्डही न पोचल्यातच जमा.

आयडीवर म्हणूनच सगळ्यात जास्त वेळ घालवावा. तो दोनदा लिहायचा: एकदा मजकुराच्या वर, एकदा मजकूर आणि पत्ता यांच्यामधल्या उभ्या रेघेलगत. तिकिटाजवळ नको, तिथे शिक्का पडतो. तळाशीही नको. अमेरिकेत छाननीची यंत्रं तळाच्या उजव्या कोपऱ्यात बारकोड छापतात, कधी तिथे पांढरी पट्टी चिकटवतात आणि खालचा मजकूर झाकला जातो. खालची दीड ते दोन सेंटिमीटर जागा कोरीच सोडायची.

आकडे इंग्रजी वळणाचे हवेत हे उघड आहे, पण आपलं वळणही तपासून घ्यावं. युरोपात बरेच जण 1 ला वरून लांब तिरकी रेघ देतात, त्यामुळे आपला साधा 7 त्यांना 1 वाटू शकतो. 7 च्या पोटातून आडवी रेघ मारली की प्रश्न मिटतो. 4 वरून बंद करू नये, घाईत तो 9 होतो. तारखेत महिना अक्षरांत लिहावा, कारण 03/07 म्हणजे कुणाला तीन जुलै तर कुणाला सात मार्च. तारीख आणि साइटवरचं आपलं नाव कार्डावर असेल तर पुसट आयडीसुद्धा साइटच्या मदतीने शोधता येतो.

आता शाई. साध्या जेल पेनांची बरीचशी शाई पाण्यात विरघळते. पोस्टमनच्या पिशवीवर एक सर आली की पत्ता निळा डाग होऊन बसतो. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती पाण्याला दाद देत नाही. जेलच हवं असेल तर पिगमेंट शाईचं, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचं घ्यावं. चाचणी सोपी आहे: त्याच कार्डाच्या कापून उरलेल्या पट्टीवर चार अक्षरं लिहा, पाच मिनिटं वाळू द्या, वर थेंबभर पाणी टाका, मिनिटभराने बोट फिरवा. अक्षर पसरलं तर ते पेन वहीसाठी ठेवा. परमनंट मार्कर पाण्यात टिकतो, पण लेप नसलेल्या कागदातून आरपार उतरतो. तो फक्त गुळगुळीत कार्डासाठी.

कागदाचा प्रश्न छपाईच्या दुकानातच सोडवायचा. 300 जीएसएमचं (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचं) आर्ट कार्ड मागितलं की दुकानदार हमखास विचारतो, 'लॅमिनेशन करू ना?' पावसाळ्यात नकोच. एका बाजूला फिल्म असली की कोरी बाजू हवेतला ओलावा पिऊन फुगते, फिल्म मात्र फुगत नाही, आणि कार्ड फिल्मच्या बाजूला वळून धनुकली होतं. असं कार्ड यंत्रात अडकतं. दोन्ही बाजूंना लॅमिनेशन केलं तर सपाट राहतं, पण त्यावर बॉलपेन उमटत नाही आणि शिक्क्याची शाई वाळत नाही. एका बाजूनेच लेप असलेलं कार्ड मिळालं तर उत्तम: चित्र लेपावर, लिहायची बाजू खरखरीत.

माप ए-6, म्हणजे 105 गुणिले 148 मिलिमीटर. 12 गुणिले 18 इंची कागदावर अशी आठ बसतात, पण चित्राभोवती पाच मिलिमीटरची पांढरी चौकट ठेवली तरच. चित्र कडेपर्यंत नेलं की कापण्यासाठी जादा भाग लागतो आणि आठाची सहा होतात. चौकटीचा दुसरा फायदा म्हणजे कटिंग मिलिमीटरभर सरकलं तरी चित्र कापलं जात नाही. जागतिक टपाल संघाच्या नियमाप्रमाणे कार्ड 90 गुणिले 140 पेक्षा लहान नको आणि लांबी रुंदीच्या साधारण 1.4 पट तरी हवी. चौकोनी कार्ड कितीही देखणं असलं तरी या नियमात बसत नाही, त्यावर पत्राचा दर मागितला जाऊ शकतो.

तिकिटं आधी, पत्ता नंतर. हा क्रम उलटा झाला की तीन-चार मोठी स्मारक तिकिटं पत्त्यावर चढतात. खिडकीवर 'परदेशी एअरमेल पोस्टकार्ड' असं स्पष्ट सांगून त्या दिवशीचा दर विचारावा, नाहीतर पत्राचा दर सांगितला जातो. दर कळला की तिकिटं जुळवून कार्डावर नुसती मांडून बघायची, मग चिकटवायची. जिभेने ओली केलेली तिकिटं वाळताना कोपऱ्यांतून उचलली जातात. फेविकॉल जास्त झाला तर सुरकुत्या पडतात. ग्लू स्टिकचा पातळ हात तिकिटाच्या पूर्ण पाठीवर, कडांसकट, आणि वर कोरा कागद ठेवून दहा मिनिटं वहीखाली दाब. साठवणीतली तिकिटं पावसात एकमेकांना चिकटतात, म्हणून प्रत्येक पानामध्ये बटर पेपर. चिकटलीच तर ओढू नका. झिप पिशवीत घालून दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवली की बरेचदा अलगद सुटतात.

देशाचं नाव पत्त्याच्या शेवटच्या ओळीत, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. साइटवरच्या पत्त्यात 'डॉइचलांट' किंवा 'सुओमी' असेल तर खाली जर्मनी, फिनलंड लिहायचंच. छाननी आधी आपल्याकडे होते, इथल्या माणसाला ते नाव कळलं पाहिजे. ऑस्ट्रियाखाली 'युरोप' लिहिलं तर कार्ड ऑस्ट्रेलिया फिरून येत नाही. चिनी, जपानी पत्ते हाताने उतरवण्यापेक्षा छापून चिकटवावेत. एक रेघ चुकली तर अक्षर बदलतं.

भर पावसात रस्त्यावरच्या पेटीत कार्ड टाकू नये. पेटी आतून ओली आहे का हे बाहेरून कळत नाही. ठाण्याचं मुख्य टपाल कार्यालय असो की वाशीचं, खिडकीवर द्यावं आणि समोर हाताने शिक्का मारून देण्याची विनंती करावी. मागे गर्दी नसेल तर सहसा नाही म्हणत नाहीत. शिक्का मारल्यावर लगेच कार्डं एकावर एक ठेवायची नाहीत.

आपला स्वतःचा पत्ता हा ठाणे-नवी मुंबईचा खास प्रश्न आहे. विंग, फेज, कॉम्प्लेक्स, को-ऑप. हौ. सोसायटी, अमक्या शाळेसमोर, तमक्या बँकेच्या मागे: एवढं अर्ध्या कार्डावर मावत नाही, मग पाठवणारा मनानेच गाळतो आणि नेमकी विंग गाळतो. पत्ता आपणच पाच ओळींत बसवावा: नाव; फ्लॅट, विंग आणि इमारत; रस्ता; विभाग; शहर आणि पिन. नवी मुंबईत सेक्टरचा नुसता आकडा निरुपयोगी आहे, सेक्टर 10 वाशीतही आहे आणि नेरुळमध्येही. वाशी 400703, नेरुळ 400706, ऐरोली 400708. आपले आणि मुंबईचे पहिले तीन आकडे एकच, त्यामुळे शेवटच्या तिनांत चूक झाली की कार्ड थेट मुंबईत फिरत बसतं.

एखाद्या देशाचं टपाल मध्येच बंद होतं, तेव्हा घाई करू नये. 2025 च्या ऑगस्टअखेर भारतातून अमेरिकेला जाणारं टपाल घेणं थांबलं होतं, ते 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. अशा वेळी लिहिलेलं कार्ड कोरड्या फाइलमध्ये ठेवावं. पत्ता मागितल्यापासून वर्षभर आयडी चालतो, मात्र 60 दिवसांचं गणित तोवर पुढे सरकलेलं असतं.

मजकुराबद्दल एवढंच: ए-6 च्या अर्ध्या बाजूवर सात-आठ ओळी मावतात. समोरच्याची माहिती वाचून त्यातलं एक काहीतरी धरावं. रेल्वेची आवड असणाऱ्याला 16 एप्रिल 1853 ची बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी सांगावी, पक्षी बघणाऱ्याला खाडीतले रोहित (फ्लेमिंगो), आणि ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला हेही. शेवटी त्याचं नाव देवनागरीत लिहावं आणि खाली उच्चार द्यावा. ही ओळ लोक आवर्जून जपतात.

पुढची खेप 1 ऑक्टोबरची. ऑस्ट्रिया-हंगेरीने 1869 मध्ये याच तारखेला पहिलं अधिकृत पोस्टकार्ड काढलं, म्हणून हा दिवस जागतिक पोस्टकार्ड दिन. त्या तारखेचा शिक्का हवा असेल तर 20 सप्टेंबरपर्यंत छपाई उरकायला हवी. या वेळी ठाण्याच्या मासुंदा तलावाचं चित्र, एका बाजूने लेप असलेला कागद, आणि उभी रेघ छापतानाच तिच्याशेजारी आयडीसाठी छोटी रिकामी चौकट.