आमची वाटचाल : देशी गाईंच्या चयापचयाची तपासणी

गीर, देवणी, लाल कंधारी गाईंच्या गोठ्यांवर जाऊन आम्ही व्याल्यानंतरच्या चयापचयाची तपासणी करतो. सुरुवात रोथेरा चाचणीने केली. लघवीत अमोनियम सल्फेट आणि सोडियम नायट्रोप्रुसाइड मिसळून वरून अमोनिया सोडला, की किटोन (अंगातली चरबी जळताना तयार होणारी द्रव्ये) असल्यास जांभळे कडे दिसते. चाचणी स्वस्त आहे. पण तिला ॲसिटोॲसिटेट आणि ॲसिटोन कळतात, रक्तातला मुख्य किटोन बीएचबी (बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट) कळत नाही. म्हणून आम्ही रक्तातले बीएचबी मोजणाऱ्या हातातल्या मीटरकडे वळलो.

मीटर वापरणे सोपे आहे, सगळी मेहनत नमुन्यात आहे. रक्त शेपटीच्या शिरेतूनच घेतो. पोटाखालची दुधाची शीर चटकन सापडते, पण कासेने बीएचबी उचलल्यानंतरचे रक्त तिच्यातून परतत असते, त्यामुळे आकडा कमी येतो. खुराकानंतर ४-५ तासांनी बीएचबी चढते. तेव्हा दर वेळी घड्याळ तेच ठेवायचे. बीएचबीसाठी व्याल्यापासून ३ ते १४ दिवस, कॅल्शियमसाठी पहिले ४८ तास. कॅल्शियमचा नमुना ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) जांभळ्या झाकणाच्या नळीत कधीच नको, ईडीटीए कॅल्शियमच बांधून टाकते. लाल झाकणाची साधी नळी घ्यावी.

बीएचबीची १.२ मिलिमोल प्रति लिटर ही सर्रास वापरली जाणारी धोक्याची मर्यादा मुख्यतः होल्स्टीनसारख्या भरपूर दुधाच्या गाईंवरून आली आहे. थोडे दूध देणाऱ्या देवणीला ती जशीच्या तशी लावणे आम्हाला पटत नाही. म्हणून विण्याआधी तीन आठवडे त्याच गाईचे रक्त तपासून ठेवतो आणि पुढचे आकडे त्याच्याशी ताडतो. यासाठीच सुट्या चाचणीचा दर बंद करून वेतामागे एकच दर ठेवला.

दुधाच्या फॅटवरून चयापचयाचा अंदाज बांधताना वासरू विसरू नये. शेवटच्या धारा सर्वांत स्निग्ध असतात, आणि त्या वासराला सोडल्या तर डेअरीची फॅट फसवी निघते. अंगलट, म्हणजे अंगावरची चरबी, पाहताना वशिंड आणि सैल कातडी सोडून शेपटीचे मूळ, पुठ्ठ्याची हाडे आणि बरगड्यांमागची आखूड हाडे चाचपतो. विताना पाचपैकी ३ ते ३.५ गुण चांगले. दोन महिन्यांत एक गुण घसरला, तर खुराक लगेच तपासावा.

गूळ पाजून रक्तातली साखर वाढेल, ही समजूत अजून घट्ट आहे. गूळ बहुतांशी कोठीपोटातच आंबतो, साखर म्हणून रक्तात फारसा पोहोचत नाही. रक्त नोंदणीकृत पशुवैद्यकच काढतात. अहवालही त्यांच्याच हाती देतो आणि औषध तेच ठरवतात.