तुम्ही विचारलंत म्हणून: द्रुत कधी?

'सर, फास्ट केन्ना?' फोंड्यातल्या माझ्या तबल्याच्या वर्गाबाहेर चपला काढता काढताच पालक विचारतात, म्हणजे पोराला द्रुत, जलद लय, कधी शिकवणार. पुण्या-मुंबईचे पाहुणे तेच गोड करून म्हणतात, तुम्ही गोव्याची माणसं, तुम्हाला कसली घाई! आजवर दोघांनाही हसून टाळलं. आता लिहूनच टाकतो.

पाहुण्यांचं आधी. सकाळी नऊला बाणस्तारीवरून पणजीकडे स्कूटर हाकून बघा, मग आपण निवांतपणावर बोलू.

पालकांचं तितकं सोपं नाही. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाचं एक आवर्तन, तालाची एक पूर्ण फेरी, पाऊण मिनिटाहूनही जास्त चालू शकतं. द्रुतात एखादा बोल घसरला तर मागून येणारे बोल त्याला झाकून घेतात. विलंबितात 'तिरकिट'ची चारही अक्षरं जवळजवळ एकेका सेकंदावर उघडी बसलेली असतात, आणि मधल्या जागेत काय भरायचं, किती भरायचं, हे वाजवणाऱ्यानेच ठरवायचं. मुलं तिथे घाबरतात. घाबरली की लय चढते. गायकाला ते लगेच कळतं. आईवडिलांना वाटतं, पोरगा रंगात आला.

स्पर्धा कुठली ते सांगत नाही. माझा विद्यार्थी सातवीत होता. एकल वादनाला चार मिनिटं. त्याने पेशकार, एकल वादनाचा संथ सुरुवातीचा भाग, धरला आणि खरं सांगतो, त्याच्या वयाला न शोभणाऱ्या सबुरीने धरला. एका ठिकाणी समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, अलीकडे त्याने जरा जास्तच जागा सोडली. माझाच श्वास अडकला, पण तो समेवर बरोबर आला. डावीकडच्या परीक्षकांनी मान हलवली. तीन मिनिटांची घंटा झाली. पोरगं दचकलं, कायद्यात, पेशकारानंतरच्या रचनेत, घुसलं, दुगुन, म्हणजे दुप्पट लय, कशीबशी लावली. तिहाईचे, तीनदा वाजवायच्या शेवटच्या तुकड्याचे, दोन धा पडले आणि दुसरी घंटा वाजली. तिसरा धा त्याने वाजवलाच नाही. शिस्तीचा मुलगा, घंटा म्हणजे थांबायचं, एवढंच त्याला ठाऊक. माझ्याकडे बघून हळूच विचारलं, 'वाजवू?' तोवर पुढच्याचं नाव पुकारलं गेलं होतं. त्या पुढच्याने रेल्यानेच, म्हणजे जलद बोलांच्या रचनेनेच, सुरुवात केली आणि सभागृहाने पहिल्या आवर्तनापासून टाळ्या धरल्या. हात स्वच्छ होता त्याचा. मीही टाळी दिली. पहिलं बक्षीस त्याला मिळालं.

परतताना गाडी त्याचे वडील चालवत होते. कुंडई येईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, 'सर, केसरबाई साडेतीन मिनिटांत भैरवी गायल्या. ती नासाच्या व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. आमच्या मुलाला चार मिनिटं पुरली नाहीत?'

केरीच्या गायिका केसरबाई केरकर. आमच्याच फोंडा तालुक्यातल्या. मी काय बोलणार?

उत्तरं रात्री सुचली. साडेतीन मिनिटं ही त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूची मर्यादा, बाईंची हौस नव्हे. त्यामागे त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेबांची, 1921 पासूनची, वर्षानुवर्षांची तालीम. सगळं खरं. पण ती भैरवी पुन्हा ऐकली तर काही कापल्यासारखं वाटत नाही, हेही खरं. वडिलांचं तेवढं मान्य. त्यापुढचं नाही.

मुलगा पुढे वर्गाला आला नाही. आता ऑनलाइन शिकतो, मिनिटभराचे व्हिडिओ टाकतो. रेला सुरेख वाजवतो, मी पाहतो. ख्याल गायनाला साथीचा ठेका धरून बसलेला मात्र त्याला अजून पाहिलेला नाही. तशी वेळ त्याच्यावर कदाचित येणारही नाही. आमच्याकडच्या जत्रेतल्या बैठकींत बडा, म्हणजे विलंबित, ख्यालच आता चहा थंड व्हायच्या आत आटपतो.

विशीत मला विचारलं असतंत तर मी त्या मुलाच्या वडिलांच्या बाजूने बोललो असतो. तेव्हा मला वेगापलीकडे काही दिसत नव्हतं. पुढे मी उलट टोकाला गेलो आणि 'विलंबित म्हणजे परंपरा' असं ठासून सांगू लागलो. विशीतला मी आज भेटला तर विचारेल, कुठली परंपरा? इतकी संथ लय ख्यालात रुळली ती गेल्याच शतकात. गायक अमीर खाँसाहेबांचा संथ झुमरा ताल जुन्या कानांना नवाच होता. आणि आमचे तबलावादक, लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकर? हातांनी-पायांनी वेगवेगळे ताल धरून सगळे एकाच समेवर आणायचे, असं सांगतात. त्यांना संथ म्हणू की जलद? दोन्ही खात्यांत ते बसत नाहीत, आणि माझ्या युक्तिवादात तर मुळीच नाहीत.

तेव्हा द्रुत कधी, याची तारीख मागू नका. स्पर्धेत उतरवायचं असेल तर आधी सांगा, चार मिनिटांचं मीही बसवून देईन, फी तीच. पहिलं मिनिट मात्र पेशकारच राहील. त्यावर भांडायचं असेल तर वर्ग सुटल्यावर या, मुलांसमोर नको.