बुडालेली इंजिनं आणि आमची वाटचाल

मालवणात आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनांचं काम करणारं आमचं वर्कशॉप 1998 साली सुरू झालं. आदल्या वर्षी सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता, पण दांडीच्या किनाऱ्यावर त्याचा काही पत्ता नव्हता. पाहुणे सकाळी यायचे, होडीने किल्ला बघून यायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचे. तारकर्ली-देवबागला मुक्काम करणारे मोजके. आमचं गिऱ्हाईक म्हणजे मच्छीमार, आणि मच्छीमाराचं इंजिन बंद पडलं की त्या दिवशी त्याच्या घरात पैसा येत नाही. हे डोक्यात ठेवून आम्ही शेड उघडली. आजही पहाटे कुणी दार वाजवलं तर मी उठतो.

काम मी शिकलो भाऊच्या धक्क्यावर. माझा भागीदार लेथवरचा माणूस. त्याला इंजिनातलं फारसं कळत नव्हतं, पण लोखंड असं कापायचा की बघत राहावं. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं जड चाक; ते काढायचा पुलर बाजारात मिळायचा तो आमच्या कामाला टिकत नव्हता. खाऱ्या हवेत फ्लायव्हील शाफ्टच्या निमुळत्या टोकावर असं धरतं की पुलरचे आटेच जातात. मग बरेच जण हातोडीने ठोकतात. त्यात चुंबकाला तडा जातो, नाहीतर क्रँकची बेअरिंग मार खाते, आणि दोन महिन्यांनी इंजिन का खडखडतंय हे कुणालाच कळत नाही. भागीदाराने जाड पोलादाचा तीन बोल्टचा पुलर स्वतः बनवला. बोल्ट सारखे ताणायचे, मधला स्क्रू आवळायचा आणि त्याच्या डोक्यावर एकच नेमका ठोका द्यायचा. टक्‌ असा आवाज येतो आणि फ्लायव्हील सुटतं. पुढे तो आखातात नोकरीला गेला. जाताना हिशेबातलं काही मागितलं नाही आणि पुलर माझ्याकडे ठेवला. तो पुलर मी कुणालाही उसना देत नाही, मागणाऱ्याला राग आला तरी.

मधली वर्षं चांगली गेली. स्कूबा आलं, डॉल्फिन फेऱ्या आल्या, चिवल्याच्या किनाऱ्यावर पॅरासेलिंगच्या दोऱ्या दिसू लागल्या, आणि इंजिनं वाढली.

मग 2020 चा लॉकडाऊन. किनारा रिकामा, होड्या वर ओढलेल्या. तेवढ्यातून सावरतोय तोवर 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं. रविवार होता. शेडचे पत्रे गेले, लाटांचं पाणी आत शिरलं, स्टँडवर लावलेली इंजिनं आडवी होऊन वाळूत रुतली. ती सगळी गिऱ्हाइकांची होती. शिवाय किनाऱ्याजवळ नांगरून ठेवलेल्या होड्या बुडाल्या, त्यांची इंजिनं लोक खांद्यावर घालून माझ्याकडे आणत होते. वीज नव्हती, आणि ती कितीतरी दिवस आली नाही. पंचनामा करणारे आले, त्यांच्या कागदावर होडी होती, जाळी होती, घर होतं. दुसऱ्याची इंजिनं सांभाळणाऱ्या शेडसाठी रकाना नव्हता. मी तीनदा समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या घरी गेले.

बुडालेल्या इंजिनाचं काय करायचं हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, पण सांगतोच, कारण पुढचा सगळा प्रकार त्यावरूनच घडला. खाऱ्या पाण्यात असेपर्यंत इंजिन तितकं खराब होत नाही. बाहेर काढलं, हवा लागली, की तासातासाने गंज चढतो. म्हणून लगेच उघडता येत नसेल तर इंजिन गोड्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवायचं. उघडायची पाळी आली की गोड्या पाण्याने धुवायचं, प्लग काढायचे, आतलं पाणी ओतायचं, सिलिंडरमध्ये तेल सोडायचं आणि हाताने फिरवायचं. आत वाळू गेली असेल तर मात्र स्टार्टरच्या दोरीला हातसुद्धा लावायचा नाही. एक झटका आणि सिलिंडरवर ओरखडे. आधी हेड उतरवायचं.

एका वेळी एवढी इंजिनं उघडणं दोन माणसांच्या हातचं नव्हतं. मी आणि माझा मुलगा गावभर फिरून दोनशे लिटरची पिंपं गोळा करत होतो. पंप बंद, म्हणून विहिरीचं पाणी रहाटाने काढून पिंपं भरली. प्रत्येक इंजिनाच्या ब्रॅकेटवर पंचने खूण मारली, वहीत नाव लिहिलं आणि एकेक उघडायला घेतलं. कंदिलावर, मोबाइलच्या बॅटरीवर, जसा उजेड मिळेल तसं.

त्याच सुमारास आमच्या धंद्यातला एक जण गावात उतरला. नाव घेत नाही, मालवणात सगळ्यांना ठाऊक आहे. रस्त्यालगत गाळा घेतला आणि नवी इंजिनं हप्त्यावर विकायला सुरुवात केली. नवी विकायला माझी हरकत नव्हती. पण त्याने आमच्या पिंपांचे फोटो काढले आणि मच्छीमारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, ‘बघा, तुमची इंजिनं हा लोणच्यासारखी मुरत घालतोय.’ लोक आधीच हवालदिल. पैसा नाही, होडी फुटलेली, वरून हा फोटो. माणसं आली आणि अर्धवट उघडलेली इंजिनं घेऊन गेली. मी हात जोडून सांगितलं, न्यायचंच असेल तर पिंपासकट न्या, पाण्याबाहेर ठेवू नका. कुणी ऐकलं नाही. अंगणात चार दिवस उघड्यावर राहिलेली इंजिनं जाम झाली आणि ठपका आमच्यावर आला. मग त्याच इंजिनांना भंगार ठरवून हा गृहस्थ नव्याच्या बदल्यात किलोच्या भावाने घेऊ लागला.

पुढच्या हंगामात वेंगुर्ल्याचा एक जण गिअर बदलायला इंजिन घेऊन आला. मी कव्हर उचललं, ब्रॅकेटकडे लक्ष गेलं, तर माझ्या पंचची खूण. वही काढून नंबर पडताळला. दांडीवरच्या एका मच्छीमाराचं इंजिन, भंगार म्हणून गेलेलं. बोअर करून, पिस्टन-रिंगा बदलून, रंग मारून चांगल्या किमतीला विकलेलं. म्हणजे ते दुरुस्त होणारं होतं हे त्या गाळेवाल्यालाही माहीत होतं. ज्याचं इंजिन होतं तो अजून नव्याचे हप्ते भरत होता. मी त्याला खूण दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. एवढी वर्षं होऊन गेली, पण त्या गाळेवाल्याने ना त्याची माफी मागितली ना माझी.

या सगळ्यात देवबागचे काका नसते तर आम्ही शेडला कुलूप लावलं असतं. काका आमचे पहिल्या वर्षापासूनचे गिऱ्हाईक. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर वाढलेला माणूस, पुढे डॉल्फिन फेऱ्या करू लागले. त्यांचं चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक माझ्याकडे पिंपात होतं. तो फोटो त्यांच्यापर्यंतही गेला. दुसऱ्या दिवशी ते आले ते घरचं रिकामं पिंप टेम्पोत घालून. म्हणाले, "ह्या वापर. मशीन तुझ्याकडेच ऱ्हवांदे, मी दुसरीकडे नेवचंय नाय." आणि रहाटावर येऊन पाणी ओढू लागले. सत्तरीच्या घरातला माणूस. त्यांचं बघून आणखी काही जण थांबले, आणि जी थांबली ती इंजिनं आम्ही चालू करून दिली.

1 ऑगस्टला मासेमारीबंदी उठली, पण समुद्र अजून खवळलेला होता. 22 तारखेच्या नारळी पौर्णिमेनंतर काकांनी होडी पाण्यात घातली. तेच इंजिन आज त्यांचा नातू चालवतो.

या इंजिनाचीच एक गोष्ट. पर्यटक पुन्हा येऊ लागले होते. काका कर्लीच्या खाडीतल्या सुनामी आयलंडवरून एक कुटुंब घेऊन परतत होते, ओहोटी लागलेली. कर्लीच्या मुखाशी ओहोटी कशी ओढते ते देवबागकरांना सांगायला नको. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बाजूने बारीक धार पडते ती अचानक थांबली. काकांनी इंजिन बंद केलं, पण त्याआधी नांगर टाकला. मग इंजिन वर उचललं, पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटली होती, ती सुरीने सोडवली, आणि पाच मिनिटांत परत निघाले. मागून एक होडी येत होती, नवंकोरं इंजिन, त्याच गाळ्यातून घेतलेलं. तीही तशीच बंद पडली. चालवणारा पोरगा नुसती सेल्फ मारत बसला आणि होडी मुखाकडे वाहू लागली. काकांनी वळून तिला दोर टाकला आणि ओढत आणलं.

म्हणून होडीवाल्या पोरांना माझं सांगणं, आधी नांगर, मग इंजिन. आणि पाहुण्यांनाही सांगतो. होडीत बसायच्या आधी इंजिनातून ती धार पडते का बघा. पडत नसेल तर खाली उतरा, होडीवाला कितीही घाई करो. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावा, वरचा एकच लावून फोटो काढू नका.

हल्ली फोर-स्ट्रोक जास्त येतात. धूर कमी, आवाज कमी, पेट्रोल कमी. माझा मुलगा ती कामं माझ्यापेक्षा चांगली करतो. त्या गाळ्यावर आता दुसरं दुकान आहे आणि आमची शेड पक्क्या भिंतीची झाली. पिंपं मात्र मी टाकली नाहीत. मागच्या बाजूला पालथी ठेवली आहेत.

26 मे ते 31 ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात, मासेमारी 1 जूनपासून. इंजिन आणायचं ते मेच्या शेवटी आणा, ऑगस्टच्या शेवटी सगळे एकदम येतात आणि मग माझ्यावर रागावतात. आणण्याआधी गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपवूनच बंद करा. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर सील गेलंय. तेवढं आधी फोनवर सांगा, सील मागवायला वेळ लागतो.